हृदयातली गाठ आणि अर्धांगवायू

भगिनींनो, अर्धांगवायू म्हटला की आपल्याला आठवतात वयस्कर सासरे, नाहीतर वाढलेला रक्तदाब. पण चाळिशीतली, घरात भिंगरीसारखी फिरणारी बाई चहा गाळता गाळता एका अंगाने लुळी पडली तर? रक्तदाब नाही, मधुमेह नाही. मग घरचे म्हणतात, "दगदग झाली असेल, जरा पडू दे तिला."

पडू देऊ नका! तोंड वाकडे झाले, हात वर राहीना, बोलणे अडखळले, की लगेच 108 ला फोन करून मोठे रुग्णालय गाठा. पहिले काही तासच मोलाचे असतात.

अशा झटक्याचे एक विरळा कारण हृदयात दडलेले असते. त्या गाठीला 'मिक्झोमा' म्हणतात. ती कर्करोगाची नसते. चारांतल्या तीन गाठी हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात होतात, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतात. गाठ बहुधा मऊ, जेलीसारखी, देठाला लोंबणारी असते. तिचा तुकडा किंवा तिच्यावर साकळलेली रक्ताची गुठळी सुटली, की रक्ताबरोबर मेंदूत जाऊन रक्तवाहिनी बंद करते. झाला अर्धांगवायू!

कधी कधी गाठ आधी सूचनाही देते. धाप लागते, छातीत धडधडते, कूस बदलताना किंवा उठता-बसता घेरी येते, बारीक ताप राहतो, वजन उतरते, सांधे दुखतात. आपण मात्र 'अशक्तपणा असेल' म्हणून अंगावर काढतो. या तक्रारींची इतर कारणे कितीतरी जास्त असतात, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण महिनोन्‌महिने टाळूही नका.

गाठ शोधायला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. तिने दुखत-खुपत नाही. गाठ सापडली तर औषधाने विरघळत नाही. शस्त्रक्रियाच करावी लागते. 1954 साली स्टॉकहोममध्ये डॉ. क्लॅरेन्स क्रॅफर्ड यांनी अशी गाठ प्रथम यशस्वीपणे काढली. आज बहुतेक रुग्ण या शस्त्रक्रियेनंतर बरे होतात. क्वचित गाठ पुन्हा होते, म्हणून पुढेही अधूनमधून इको करून घ्यायचा. काही घराण्यांत ती आनुवंशिक असते. तिथे जवळच्या नातेवाइकांचीही तपासणी करतात.

तेव्हा एवढे लक्षात ठेवा. तरुण वयात कुणाला असा झटका आला आणि कारण सापडेना, तर डॉक्टरांना न संकोचता विचारा, "मेंदूचा फोटो झाला, हृदयाचा इको झाला का?" घरादाराची औषधे वेळेवर देणाऱ्या आपण, स्वतःसाठीही एवढे विचारायला हवेच, नाही का?