उचला आणि दूर सोडा

दिवाळीत आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो. त्याच सुमारास ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांवर वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य दाखवून माणसांना आणि गुरांना सांभाळ, अशी विनवणी केली जाते. मुंबईच्या आसपासच्या पट्ट्यात वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. बिबट्या शेजारी राहणारच, हे धरून चालणारी ही रीत आहे. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांची पहिली मागणी मात्र एकच असते: उचला आणि दूर सोडा. सोसायटीच्या आवारातल्या कुत्र्यांबद्दलही आपण हेच म्हणतो. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाने गेल्या पंचवीस वर्षांत काही शिकवले असेल, तर ते या मागणीतला धोका.

हा धडा जुन्नरने फार महागात घेतला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात शंभराहून अधिक बिबटे पिंजरे लावून पकडले गेले. त्यांतले काही लांबच्या जंगलांत नेऊन सोडले. हेतू चांगलाच होता. पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हल्ल्यांच्या नोंदी वर्षवार तपासल्या, तेव्हा आधी वर्षाला सरासरी चार असलेले माणसांवरचे हल्ले या काळात सतरापर्यंत गेल्याचे दिसले. बिबट्याचा स्वतःचा मुलूख असतो. पिंजऱ्यात बिथरलेले जनावर अनोळखी ठिकाणी सोडले की ते परतीची वाट धरते आणि वाटेतल्या गावांत माणसांशी त्याची गाठ पडते. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. २०११ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत या पकडापकडीला आवर घालण्यावर भर होता. वनखात्याच्या कचेरीत पडून असलेल्या जुन्या नोंदी कोणीतरी चिकाटीने एकत्र मांडल्या, म्हणून हे कळले. वर्तनाच्या अभ्यासातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पद्धत हीच आहे.

महागडी पद्धत म्हणजे जीपीएस कॉलर. २००९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या बाहेर काढून, गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटात सोडला गेला. शांत स्वभावाच्या या बिबट्याचे नाव पडले आजोबा. कॉलरवरून येणाऱ्या ठिकाणांच्या नोंदी नकाशावर मांडत गेल्यावर त्याचा प्रवास उलगडला. कसाऱ्याचे रेल्वे रूळ, भरधाव महामार्ग आणि शेवटी वसईची खाडी ओलांडून, जवळजवळ महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर तोडून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे आपल्या येऊरच्या डोंगरापर्यंत आला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. दिवसा तो वस्तीजवळ दबून बसे आणि रात्री चाले. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. शरीरातल्या मायक्रोचिपमुळे तो आजोबाच असल्याचे कळले. त्याच्यावर पुढे सिनेमा निघाला, त्यामुळे गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की वस्तीजवळ दिसलेला बिबट्या वाट चुकलेला असतोच असे नाही, याचा रोजच्या रोज नोंदलेला पुरावा त्याने दिला.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात आता बिबटे मोजले जातात ते ठिपक्यांवरून. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा ट्रॅप लावतात, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरची नक्षी वेगळी असते. दोन्ही बाजूंचे फोटो मिळाले की प्रत्येक बिबट्या ओळखू येतो. निकित सुर्वे यांच्या २०१५ च्या मोजणीत ३५ बिबटे आढळले. बिबटे काय खातात, हे विष्ठेतल्या केसांवरून कळते. कुत्रे हे त्यांचे मोठे खाद्य आहे, असे त्यातून दिसले. हे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खात असावेत आणि त्यामुळे माणसांना होणारे कित्येक कुत्रेचावे टळत असावेत, असा अंदाज २०१८ मध्ये संशोधकांनी मांडला. कचरा, कुत्रा आणि बिबट्या अशी ही साखळी आहे. येऊरच्या पायथ्याशी बिबट्या नको असेल, तर पहिले काम घंटागाडीचे आहे, पिंजऱ्याचे नाही.

कुत्र्यांकडे मात्र आपण अभ्यासाचा विषय म्हणून पाहतच नाही. डोंबिवली किंवा कल्याण स्टेशनच्या पुलाखाली झोपलेले कुत्रे रोज लाखो पायांतून वाट काढते, ही काय साधी गोष्ट आहे? कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा यांचा गट भटक्या कुत्र्यांवर काम करतो. कोणतेही प्रशिक्षण नसलेली रस्त्यावरची कुत्री अनोळखी माणसाने बोटाने दाखवलेल्या वाडग्याकडे जातात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. त्या प्रयोगात बरीच कुत्री माणसाजवळ आलीच नाहीत. घाबरट कुत्र्याने काय भोगले असेल, हा प्रश्न तिथून सुरू होतो. याच गटाने रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांच्या नोंदी ठेवल्या. पाचांतले जेमतेम एक पिल्लू सात महिन्यांपर्यंत जगते आणि बहुतेक मृत्यूंना माणूसच कारण असतो, असे त्यांतून निघाले.

कानाला खाच असलेले कुत्रे म्हणजे नसबंदी झालेले. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडायचे असते. यामागचे तर्कशास्त्र जुन्नरचेच आहे. जागा मोकळी झाली की नवे, लस न घेतलेले कुत्रे तिथे येते. सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजचा फैलाव तुटतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, रेल्वे स्थानके अशा ठिकाणची कुत्री निवाऱ्यांत हलवायला सांगितले. ज्याच्या पोराला कुत्रे चावले आहे, त्याची भीती खोटी नाही. पण निवारा कसा असावा, याचे उत्तरही अभ्यासातूनच मिळायला हवे. बंदिस्त जनावर एकाच रेघेवर येरझाऱ्या घालू लागले की ते ताणाचे लक्षण असते. शास्त्रज्ञांनी प्राणिसंग्रहालयांतल्या वाघ-बिबट्यांच्या विष्ठेतले ताणाचे संप्रेरक मोजले आहे, त्यासाठी जनावराला हातही लावावा लागत नाही. लपायला आडोसा आणि करायला काही काम असले की या येरझाऱ्या कमी होतात. कुत्र्यांच्या निवाऱ्यांत अशी तपासणी झाली पाहिजे.

सगळ्यालाच यंत्रे लागतात असे नाही. पुण्यात मिलिंद वाटवे यांनी वेड्या राघूवर केलेल्या प्रयोगात माणसे घरट्यापासून वेगवेगळ्या जागी उभी केली. जिथून माणसाला घरटे दिसते तिथे तो उभा असेल, तर पक्षी घरट्यात शिरायला कचरतो. माणूस दिसत असला पण त्याला घरटे दिसत नसले, तर पक्षी बिनधास्त जातो. समोरच्याला काय दिसते, याचा हिशेब पक्षी करतो, हे वही-पेन्सिलीवर सिद्ध झाले. ठाणे खाडीवर रोहित पक्ष्यांसाठी दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांनी किंवा कल्याणच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलांनी एक गल्ली आणि एक तास ठरवून कुत्री कुठे झोपतात, काय खातात, कुणावर भुंकतात, हे महिनाभर लिहून काढले तर महापालिकेला त्याचा मोठा उपयोग होईल.

शेवटी पुन्हा बिबट्याकडे. २०१९ मध्ये ठाण्यात कोरम मॉलमध्ये आणि २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाड्यातल्या इमारतीत बिबट्या शिरला. अशा वेळी जमणारी गर्दी बिबट्याची पळवाट बंद करते आणि मग हल्ला होतो. बिबट्या दिसला तर मोबाइल घेऊन मागे धावू नका, त्याला जायला वाट ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.