कमी खर्चाच्या थरारपटासाठी वितरकाची निवड

वितरक म्हणजे निर्माता आणि चित्रपटगृह यांच्यामधला व्यापारी. तो कोणत्या अटीवर चित्रपट उचलतो, यावर निर्मात्याचे भवितव्य अवलंबून असते. 'मिनिमम गॅरंटी' पद्धतीत वितरक ठरलेली, परत न मिळणारी रक्कम आधीच देतो व तोट्याचा भार स्वतः घेतो. 'अ‍ॅडव्हान्स' पद्धतीत दिलेली उचल वसूल न झाल्यास परत मागता येते. तर 'कमिशन' पद्धतीत सारी जोखीम निर्मात्याकडे राहून वितरक केवळ आपली टक्केवारी कापून घेतो, आणि नामवंत कलाकार नसलेल्या थरारपटाच्या वाट्याला बहुधा हीच शेवटची पद्धत येते.

त्यातही वितरण-विभागांचे (सर्किटचे) जुने नकाशे अजून चालतात: महाराष्ट्र राज्य होऊन 6 दशके उलटली, तरी विदर्भ 'सीपी-बेरार'मध्ये, मराठवाड्याचा मोठा भाग 'निझाम'मध्ये आणि पुणे 'मुंबई'मध्ये मोडते, त्यामुळे एकाच राज्यातील प्रदर्शनासाठीही अनेक उपवितरकांशी संबंध असलेला माणूस शोधावा लागतो.

थरारपटाला गाण्यांची आगाऊ जाहिरात क्वचितच लाभते आणि रहस्य फुटण्याआधी गर्दी जमावी लागते. म्हणून दुपारी 12चे शंभर खेळ देणाऱ्यापेक्षा शुक्रवार ते रविवार रात्री 9चे वीस खेळ मिळवून देणारा वितरक अधिक उपयोगी ठरतो. करारात प्रसिद्धीचा व डिजिटल प्रक्षेपणाचा खर्च कोणाच्या हिश्श्यातून आधी वळता होणार, तसेच ओटीटी व उपग्रह हक्क कोणाकडे राहणार, हे स्पष्ट लिहून घ्यावे लागते; तिकीटबारीवर पडलेल्या चित्रपटाचे भांडवल पुष्कळदा याच हक्कांतून थोडेफार सुटते.