कुंडीतला सुरू

नाताळ आठ-दहा दिवसांवर आला की गोरव्यातील ख्रिस्ती घरांत सुरूचे रोप येते. किनाऱ्यावरच्या गावी असते तर एखादी फांदी तोडून आणता आली असती. येथे समुद्र दूर, म्हणून रोपवाटिकेतून काळ्या पिशवीतले हातभर उंचीचे झाड विकत घ्यावयाचे. त्यावर चांदण्या चढतात, दिवे लागतात, पायाशी गोठा मांडला जातो. तीन राजांचा सण झाला की दिवे उतरतात, पण झाड खोलीच्या कोपऱ्यात तसेच राहते. राखेच्या बुधवारापर्यंत ते वाळून गेलेले असते. पुढच्या वर्षी दुसरे. हा क्रम आम्ही अनेक घरांतून पाहिला आहे. जे झाड वर्षानुवर्षे घरच्या माणसासारखे राहू शकले असते त्याला आपण तीन आठवड्यांचा पाहुणा करून टाकतो, याचे आम्हांला नेहमी वाईट वाटते.

हेच रोप छाटून, वळण लावून, ठराविक काळाने त्याची मुळे कापून व माती बदलून पसरट कुंडीत लहानच ठेवता येते. जपानी लोक या विद्येला बोन्साय म्हणतात. शब्दाचा अर्थ एवढाच, की थाळीत लावलेले झाड.

वसईच्या वाचकांना सुरू काय ते सांगावयास नको. तेथे तर समुद्रकाठच्या एका जागेचे नावच सुरूची बाग असे पडले आहे. तरी या झाडाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. त्याच्या बारीक हिरव्या काड्या पाहून लोक त्याला पाइनचा भाऊ समजतात. तो तसा नाही. त्या काड्या म्हणजे पाने नव्हेत, कोवळ्या डहाळ्याच होत. खरी पाने प्रत्येक सांध्याभोवती दातऱ्यांसारखी दिसतात, आणि तीही डोळे ताणून पाहिल्यावर. लहान मुले काडी एका सांध्यावर तोडून पुन्हा जुळवितात व ‘कोठे तोडली ते ओळख’ म्हणून खेळतात, त्याचे रहस्य हे सांधे. शिवाय सुरू आपल्याकडचा नाही. त्याचे माहेर मलाया, पॅसिफिकची बेटे आणि ऑस्ट्रेलियाचा उत्तर व पूर्व किनारा. त्याचे शास्त्रीय नाव कॅझुअरिना. कॅसोवरी नामक मोठ्या पक्ष्याच्या लोंबत्या पिसांशी त्याच्या डहाळ्यांचे साम्य दिसले, म्हणून ते पडले. आपल्या देशात त्याची पहिली मोठी लागवड १८६८ साली कारवारकडे, जळणासाठी झाली, असे वनखात्याच्या इतिहासात नमूद आहे.

खुद्द ऑस्ट्रेलियातही आरंभी लोक जपानी पाइन आणि मेपल यांच्याच मागे होते. आपल्या रानातील झाडेही थाळीत शोभतील हे त्यांच्या ध्यानी उशिरा आले. आज राजधानी कॅनबेरा येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात बोन्सायचा सरकारी संग्रह आहे व त्यात देशी झाडांना मानाने जागा दिली आहे. आपल्याकडे बागांतून लाल ब्रशासारखी फुले येणारे जे बॉटलब्रश लावतात ते तिकडचेच आणि तेही कुंडीत उत्तम वळते. तिकडचा पोर्ट जॅक्सन नावाचा वृक्ष तर आपल्या वडाचा चुलतभाऊ. आणि बडोद्याचे नावच मुळी वडावरून आलेले! तथापि नाताळच्या निमित्ताने आपल्या घरात जो आधीच येऊन बसला आहे त्याच्याविषयीच येथे लिहितो.

बोन्साय म्हटले की दोन आक्षेप हटकून येतात. पहिला, असे खुजे झाड घरात ठेवले तर घराची भरभराट खुंटते. याला आम्ही उत्तर देत नाही. दुसरा आक्षेप मात्र मनापासून घेतलेला असतो: झाडाला उपाशी ठेवून, बांधून त्याचे हाल करावयाचे, ही कसली कला? येथे हिरोशिमाजवळच्या यामाकी कुटुंबाच्या पाइनची हकीकत सांगण्याजोगी आहे. हे झाड १६२५ सालापासून कुंडीत आहे. पिढ्यान् पिढ्या त्याची माती बदलली गेली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा घराच्या आवाराच्या भिंतीआड ते वाचले. १९७६ साली त्या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिले, आणि आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात हिरवेगार उभे आहे. उपाशी ठेवलेले झाड चारशे वर्षे जगत नाही. कुंडीतील झाड लहान राहते ते छाटणीमुळे. भूक किंवा तहान यांनी ते लहान राहत नाही, मरते.

आणि सुरूच्या बाबतीत तहान हाच खरा शत्रू. किनाऱ्यावर हे झाड रखरखीत वाळूत उभे असते, म्हणून त्याला पाणी लागत नाही असा ग्रह होतो. तेथे त्याची मुळे खोल ओलीपर्यंत जातात. चार बोटे खोलीच्या थाळीत ती कोठे जाणार? बडोद्याचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी घातलेच पाहिजे.

गोरव्यातील औद्योगिक वसाहतीजवळच्या एका घराच्या गच्चीवर असा एक सुरू आहे. घरची आजी वसईकडची. तिचे माहेरचे घर आता राहिलेले नाही. त्या किनाऱ्यावरून आणलेल्या बोंडाचे बी तिने येथे रुजविले, त्याला अकरा वर्षे झाली. गेल्या उन्हाळ्यात डहाळ्यांची टोके पिवळी पडू लागली. पाणी घातले की ते वरच्यावर साचून राही आणि मग काठावरून ओघळे. कुंडी मुळांनी गच्च भरली होती. नातू म्हणाला, “आजी, मुळे कापलीस तर ते मरेल. आहे तसे राहू दे.” आजी म्हणाली, “तसे राहू दिले तरी मरणारच आहे, बाळा.” आम्ही तेथे होतो, दोघांचेही म्हणणे खरे होते. मुळे कापणे धोक्याचे, न कापणे अधिक धोक्याचे. त्या झाडाची जागा दुसऱ्या कोणत्याही रोपाने भरून आली नसती, म्हणून हात थरथरणे साहजिक होते.

तिने पहिला पाऊस पडून हवा निवेपर्यंत थांबावयाचे ठरविले. हेच योग्य. ऐन उन्हाळ्यात किंवा थंडीत हे काम करू नये. झाड वाढीला लागलेले असले की जखम लवकर भरते. जूनअखेरीस, ढगाळ दिवशी झाड कुंडीतून काढले. मुळांची चटई झाली होती. बांबूच्या काडीने कडेची माती हळूहळू मोकळी केली आणि सुमारे तिसरा हिस्सा मुळे, खालची व बाजूची, धारदार कात्रीने कापली. एक गोष्ट तिने जाणून सांभाळली: मुळांवर ज्या लहान गाठी होत्या त्या तिने राहू दिल्या आणि मधली जुनी माती धुऊन काढली नाही. त्या गाठी रोगाच्या नव्हेत. त्यांत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात. निकृष्ट वाळूतही सुरू फोफावतो तो त्यांच्याच जोरावर. पुष्कळ लोक त्या किडीच्या समजून खरवडून टाकतात.

नव्या मातीत विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, भरड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत होते. इकडची काळी माती एकटी वापरू नये. ओली असता चिकटते, वाळली की भेगाळते. कुंडीच्या भोकांवर जाळी ठेवली आणि त्यातूनच तार वर घेऊन झाड कुंडीला बांधले, कारण वाऱ्याने खोड हलत राहिले तर नवी मुळे तुटतात. मग भरपूर पाणी, तीन आठवडे सावली, आणि महिनाभर खत नाही. नातू रोज सकाळी टोके मोजीत असे. अठराव्या दिवशी त्याला नवे हिरवे टोक दिसले, आणि पुढचे तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

वळण लावण्याचे काम त्याच दिवशी करू नये. एका वेळी एकच जखम पुरे. सुरूचे लाकूड फार कठीण, वय झालेली फांदी वाकविताना कडकन मोडते. फांदी कोवळी असतानाच तिच्याभोवती ॲल्युमिनियमची तार तिरकी गुंडाळून हळूहळू वाकवावी. तारेची जाडी फांदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी पुरते. झाड भराभर वाढते, तार सालीत रुतते, म्हणून दर पंधरवड्याला पाहावे आणि रुतण्यापूर्वीच ती कापून काढावी. उलगडीत बसू नये. छाटताना प्रत्येक फांदीवर थोडी हिरवळ राहिलीच पाहिजे. साफ बोडकी केलेली जुनी फांदी पुन्हा फुटेलच असे नाही. लोंबणाऱ्या काड्या कात्रीने एका रेषेत कापल्या तर झाड न्हाव्याकडून आल्यासारखे दिसते; त्या सांध्यावर चिमटीने खुडाव्यात.

नाताळात या झाडाला घरात आणावयास हरकत नाही, पण दिवसा ते गच्चीवर उन्हात आणि रात्री दिव्यांसाठी आत, असे केले तर त्याला काही होत नाही. चांदण्या हलक्या असाव्यात.

ज्यांना नवे झाड करावयाचे आहे त्यांनी किनाऱ्यावरची रोपे उपटून आणू नयेत. लाटांनी वसईचा किनारा खाल्ल्याने तेथले कितीतरी सुरू आधीच उन्मळून पडले आहेत; जी रोपे तग धरतात ती तेथेच हवीत. खाली वाकलेल्या फांदीवरची तपकिरी होऊ लागलेली पाच-सहा बोंडे पुरतात. ती कागदावर पसरून कोरड्या जागी ठेवावीत. काही दिवसांत बोंडे उघडतात आणि पंख असलेले चिमुकले बी कागदावर गळून पडते. त्या दिवसांत घरातला पंखा मात्र बंद ठेवावा.