भरतीच्या वेळी रोहित जातात कुठे?

ऐरोलीला ठाणे खाडीवर स्थलांतरित पक्षी पाहायचे तर महिन्याइतकीच तिथीही पाहावी. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हिवाळ्यात येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण आज ते दिसतील की नाही, हे खाडीचे पाणी ठरवते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणून ओहोटी बाराच्या आसपास. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातल्या बोटफेऱ्यांच्या वेळाही त्यामुळेच बदलत राहतात. ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर धाकटा रोहित चोच उलटी धरून सूक्ष्म शैवाल गाळून खातो. आर्क्टिकच्या टुंड्रातून आलेला, जेमतेम २५-३० ग्रॅमचा छोटा टिलवा त्याच चिखलातले किडे टिपतो. परतीच्या प्रवासाची चरबी इथेच साठते.

मात्र सहा तासांत हे ताट पाण्याखाली जाते, आणि संवर्धनाचा खरा प्रश्न तेव्हा सुरू होतो. २०१५ मध्ये घोषित झालेले ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य सुमारे १,६९० हेक्टरांचे आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जाही मिळाला. पण भरतीत रोहितांना उभे राहायला उथळ पाणी लागते, आणि नेरूळ-सीवूड्सच्या ज्या पाणथळींत ते मिळते, त्या अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) २०२२ मध्ये सहा रोहितांना उपग्रह टॅग लावले. त्या नोंदींतून खाडी आणि या पाणथळींमधली ये-जा दिसली. जेवणाची जागा राखली आणि विसाव्याची गेली, तर अभयारण्य अर्धेच उरते.

पंख आहेत, जातील दुसरीकडे, असे म्हटले जाते. जातील, पण प्रत्येक जादा फेरी साठवलेल्या चरबीतून वजा होते, आणि शहरावरचे आकाशही मोकळे नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेत ३९ रोहित मेले. याहून वजनदार आक्षेप असा, की सांडपाण्यानेच शैवाल वाढते, म्हणजे शहर या पक्ष्यांना पोसतेच आहे. पोषक द्रव्यांनी शैवाल फोफावते हे खरे, पण त्याने भरतीत पाय टेकायला जागा मिळत नाही. २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावात खाडीचे पाणी येणे थांबले आणि तो सुकला. खाडीतल्या शैवालाने ती उणीव भरून निघाली नाही. म्हणून पाणथळींत भरतीचे पाणी आणणाऱ्या वाटा मोकळ्या ठेवायला हव्यात, आणि पक्षिगणना ओहोटीतल्या खाडीइतकीच भरतीतल्या तलावांवरही व्हायला हवी.