सॉलिसिटर व्हायचं, पण खर्च कोणाचा?

पदवीनंतरचा हिशेब : लेखांक ६

गेल्या आठवड्यात सीएच्या आर्टिकलशिपचा हिशेब पाहिला. आज इंग्लंड आणि वेल्समधल्या सॉलिसिटरचा. घराचं खरेदीखत, मृत्युपत्र, कंपन्यांचे करार, घटस्फोट, अटकेनंतर पोलिस ठाण्यात धावून जाणं, ही सगळी सॉलिसिटरची कामं. अशील आधी त्याच्याकडेच जातो. वरच्या कोर्टात युक्तिवादाला सहसा बॅरिस्टर उभा राहतो.

या पेशात शिरायला किती पैसे लागतात, याला एकच एक उत्तर नाही. पदवीनंतरचा खर्च काहींना शून्य येतो, तर काहींना वीस लाख रुपयांच्या घरात. आणि पुढे ज्यांना सर्वांत जास्त पगार मिळणार असतो, नेमके तेच शून्य खर्चवाले असतात.

हे कसं घडलं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. जुन्या पद्धतीत कायद्याची पदवी घ्यायची, मग ‘एलपीसी’ हा अभ्यासक्रम करायचा आणि त्यानंतर एखाद्या फर्ममध्ये दोन वर्षांचं ‘ट्रेनिंग काँट्रॅक्ट’ मिळवायचं. एलपीसीची फी लंडनमध्ये १७ हजार पौंडांच्या वर गेली होती. ती आधी भरायची. काँट्रॅक्टची हमी कोणीच देत नसे. कॉलेजांना जागा वाढवायला कसलीच अडचण नव्हती, फर्मच्या जागा मात्र मोजक्या. मग कर्ज काढून एलपीसी केलेली कितीतरी मुलं वर्षानुवर्षं पॅरालीगल म्हणून राबत राहिली. काम जवळपास सॉलिसिटरचंच, पाटी नाही आणि पगारही नाही.

हा तिढा सोडवण्यासाठी सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२१ मध्ये नवी व्यवस्था आणली. कोणत्याही विषयाची पदवी, ‘एसक्यूई’ ही दोन टप्प्यांची परीक्षा, दोन वर्षांचा कामाचा अनुभव आणि चारित्र्याची पडताळणी, एवढं झालं की सॉलिसिटर. अनुभव एकाच फर्ममधला असायला हवा असं नाही. जास्तीत जास्त चार ठिकाणचा जोडता येतो. पॅरालीगलची नोकरी, कायदा सल्ला केंद्रातलं काम, विद्यापीठाच्या लीगल क्लिनिकमधलं कामही त्यात धरलं जातं. कागदावर तरी ट्रेनिंग काँट्रॅक्टची मक्तेदारी संपली.

परीक्षा मात्र घाम काढणारी आहे. पहिल्या टप्प्यात दोन दिवसांत ३६० प्रश्न. अडीच तासांच्या जरा वरच्या एका सत्रात ९० प्रश्न सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटंही नाहीत. प्रश्न म्हणजे एक छोटी हकीकत, खाली पाच पर्याय, त्यातले दोन-तीन बरोबरच वाटणारे. दुसऱ्या टप्प्यात सोळा कसोट्या, त्यांतल्या चार तोंडी. एका कसोटीत दहा मिनिटं कागद वाचायला मिळतात. मग समोर अशिलाच्या भूमिकेतला नट येऊन बसतो. पंचवीस मिनिटांत त्याचा विश्वास मिळवायचा, त्याच्या तोंडून नेमकी अडचण काढून घ्यायची. मुलाखतीतल्या वागण्या-बोलण्याचे गुण तो नटच देतो. तो उठून गेला की पुढच्या पंचवीस मिनिटांत त्या भेटीची टिपणी लिहायची.

आता पैसे. २०२१ मध्ये दोन्ही टप्प्यांची मिळून फी ३,९८० पौंड होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ४,७९० पौंडांवर गेली, म्हणजे पाच लाख रुपयांच्या वर. ही नुसती परीक्षेची फी. तयारीचे वर्ग वेगळे : काही हजार पौंडांपासून, एलएलएमची जोड असेल तर पंधरा हजारांच्या पुढे. शिवाय पहिल्या टप्प्याचा निकाल जुलै २०२४ मध्ये ४४ टक्के, जुलै २०२५ मध्ये ४१ टक्के. नापास झालं की पुन्हा फी. सहा वर्षांत तीनच संधी. नुसत्या तयारीच्या वर्गाला सरकारी विद्यार्थी कर्ज मिळत नाही. तोच वर्ग पदव्युत्तर पदवीत गुंफला तर मिळू शकतं. म्हणून अनेक जण गरज नसताना महागडी एलएलएम घेतात.

परीक्षेत आणखी एक जोखीम दडलेली आहे. एप्रिल २०२४ मध्ये उघड झालं की गुण मोजण्यातल्या चुकीमुळे १७५ उत्तीर्ण उमेदवारांना नापास ठरवलं गेलं होतं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने माफी मागितली, सदिच्छा म्हणून प्रत्येकी २५० पौंड देऊ केले. पण पहिल्याच प्रयत्नात पास होण्याच्या अटीवर अनेक फर्म नोकरी देतात. ज्याची नोकरी त्या निकालावर टांगलेली होती, त्याला अडीचशे पौंडांनी काय होणार?

मग खर्च शून्य कोणाचा? ज्याला पदवीच्या काळातच लंडनमधल्या बड्या फर्मने निवडलं त्याचा. वर्गाची फी, परीक्षेची फी फर्म भरते, वर राहण्याखाण्यासाठी भत्ता देते. क्लिफर्ड चान्स, लिंकलेटर्स, फ्रेशफील्ड्स अशा फर्ममध्ये उमेदवारीच्या पहिल्या वर्षाचा पगार २०२४ मध्ये ५० हजार पौंडांच्या वर होता. पात्र झाल्याबरोबर दीड लाख. लंडनमधल्या काही अमेरिकन फर्ममध्ये १ लाख ८० हजारांपर्यंत. छोट्या गावातल्या फर्ममध्ये त्याच पात्रतेच्या सॉलिसिटरला तिशीच्या घरातल्या हजारांवर समाधान मानावं लागतं. पाटी एक, पगारात पाचपट फरक.

लीगल एडचं, म्हणजे गरिबांच्या बचावाचं काम करणाऱ्यांची अवस्था त्याहून बिकट. फौजदारी लीगल एडचे दर वर्षानुवर्षं गोठलेले होते. २०२१ च्या बेलामी अहवालाने तातडीने किमान १५ टक्के वाढ सुचवली. सॉलिसिटरांना ती पूर्ण मिळाली नाही. जानेवारी २०२४ मध्ये हायकोर्टाने सरकारची ही भूमिका अतार्किक ठरवली. तोवर तरुणांनी या कामाकडे पाठ फिरवली होती. पदरचे पैसे घालून पात्र झालेला मुलगा कर्जाचे हप्ते समोर असताना हे काम का निवडेल?

नव्या व्यवस्थेने अरुंद दार काढलं नाही, एक खोली पुढे सरकवलं. ट्रेनिंग काँट्रॅक्टवाला उमेदवार दोन वर्षांत साधारण चार विभागांत फिरतो. त्याची फर्म शेवटी त्याला कायम करण्याचा विचार तरी करते. पॅरालीगलच्या अनुभवावर पात्र झालेल्याने बहुधा एकाच प्रकारच्या फायली हाताळलेल्या असतात. कायद्यासमोर दोघे सारखे, मुलाखतीत नाहीत. पूर्वी माणूस पात्र होण्याआधी अडायचा, आता पात्र होऊन अडतो.

खर्च टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे सहा वर्षांची सॉलिसिटर अप्रेंटिसशिप. बारावीनंतर नोकरी आणि शिक्षण एकत्र, पगारासह. पण जानेवारी २०२६ पासून या पातळीच्या अप्रेंटिसशिपचा सरकारी निधी २१ वर्षांपर्यंतच्यांनाच आहे. तिशीत पेशा बदलणाऱ्याला ती वाट बंद.

आपल्या मुलांना यात काय? भारतात सनद घेतलेल्या वकिलाला ती दोन वर्षांच्या अनुभवाची अट नाही आणि पहिला टप्पा भारतातल्या केंद्रावरही देता येतो. तोंडी परीक्षा मात्र इंग्लंड-वेल्समध्येच. खरी अडचण व्हिसाची. कुशल कामगार व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे. नवख्यांना सवलत असली तरी छोट्या फर्मना तेवढा पगार परवडेलच असं नाही. मुंबईतही १८९४ पासूनची बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आहे. तीन वर्षं आर्टिकलशिप करून सॉलिसिटरची परीक्षा तिथे आजही देता येते. वकिलीसाठी ती सक्तीची नाही, पण फोर्टमधल्या जुन्या फर्ममध्ये तिचं वजन आहे.

तेव्हा फी भरण्याआधी क्लासवाल्याला निकालाची टक्केवारी जरूर विचारा. पण त्याच्याकडून पास झालेल्यांपैकी किती जण आज सॉलिसिटर म्हणून नोकरीत आहेत, हे त्याआधी विचारा. आणि ज्याला जमेल त्याने फर्मचे अर्ज पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच भरावेत. या पेशात नोकरी आधी लागली तर शिक्षण फुकट होतं. शिक्षण आधी विकत घेतलं, तर नोकरी लागेलच याचा भरवसा नाही.

(पुढील आठवड्यात : बॅरिस्टरची उमेदवारी)