फुडल्या वर्साक येतल्यात काय?

हा अंक हातात पडेल तेव्हा आमच्या मिठबावातलं भात कापून झोडूनही झालं असेल. शेतांत नुसते धस उरलेले, आणि गजबादेवीच्या बाजूने येणारा वारा कोरडा झालेला. प्रकल्पवाल्यांची गाडी मात्र येते ती त्याच्या तीन-चार महिने आधी, तरवा लावणीला आला की. पांढरी गाडी, चिखलाने माखलेली चाकं, आत दोन-तीन मुलं, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. ती बांधावरून विचारतात: क्षेत्र किती हेक्टर? खत किती? घरातले निर्णय कोण घेतं? आमच्याकडे जमीन गुंठ्यांत मोजतात, त्यामुळे पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. असंच एकदा वाडीतल्या एका म्हातारीने कमरेवर हात ठेवून उलटा प्रश्न केला होता, "सांगतास ता बराच आसा, पण फुडल्या वर्साक येतल्यात काय?"

पोरगा हसला. उत्तर त्याच्या करारात नव्हतं.

मला मात्र हा प्रश्न चांगलाच उपयोगी पडला. आशिया आणि पॅसिफिकमधल्या शेती-सल्ल्याच्या प्रकल्पांबद्दल वाचताना तीच फूटपट्टी मी लावत आलो. १९५१ साली कोलंबो योजना सुरू झाली, १९६० साली फिलिपिन्समध्ये लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली, १९६६ साली मनिलात आशियाई विकास बँक आली. बँक कर्ज देते, सरकार घेते, आणि दोघांच्या मध्ये आखणी, देखरेख आणि मूल्यमापन करणारा सल्लागार बसतो. प्रकल्पाचं आयुष्य पाच-सात वर्षांचं. आमचा हापूस कलम लावल्यावर त्याच सुमाराला नीट धरायला लागतो. म्हणजे झाड फळाला येतं तेव्हा सल्लागाराने बहुधा बस्तान हलवलेलं असतं.

या धंद्यातली एक गोष्ट मला फार आवडते. जॉन ग्रीनफील्ड नावाच्या तज्ज्ञाने १९५० च्या दशकात फिजीतल्या उसाच्या उतारांवर माती अडवायला वाळ्याच्या ओळी लावल्या होत्या. १९८० च्या दशकात तो जागतिक बँकेच्या कामासाठी भारतात आला आणि इथल्या शेतकऱ्यांनाही वाळा सुचवू लागला. पुढे लक्षात आलं की म्हैसूरजवळच्या गुंडलुपेटचे शेतकरी पिढ्यानपिढ्या बांधावर वाळाच लावत आलेले आहेत. पॅसिफिक ओलांडून आणलेला सल्ला इथे बांधावर उभाच होता. पुस्तकं मात्र त्यानंतर निघाली. तरी ग्रीनफील्डला मी हसणार नाही. आमच्या माठातल्या पाण्यात वाळ्याची जुडी असते, पण तो उतारावर लावायचं आम्हाला तरी कुठे सुचलं होतं?

उलट दिशेने गेलेला सल्ला आमच्या कोकणातला आहे, आणि त्याची म्हणावी तशी चर्चा झालेली नाही. डॉ. नारायण सावंत हे आपल्या भाताचे शास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या अलाबामातल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्राबरोबर त्यांनी युरियाच्या गोळ्यांवर काम केलं. प्रश्न साधा होता. साचलेल्या पाण्यात युरिया फेकला की त्यातला मोठा भाग हवेत उडतो किंवा वाहून जातो, पिकाच्या वाट्याला जेमतेम तिसरा हिस्सा येतो. सिंधुदुर्गात तर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे फेकलेला युरिया म्हणजे खाडीला नैवेद्य. उपाय असा की खत दाबून गोळी करायची आणि ती चिखलात खोल रोवायची. बांगलादेशात ही 'गुटी युरिया' गावोगाव पोचली. गोळ्या पाडणारी यंत्रं तिथल्याच कारखान्यांत बनू लागली, आणि एरवीच्या मानाने तिसऱ्या हिश्शाएवढा युरिया वाचू लागला.

कोकणासाठी सावंतांनी त्यातूनच चारसूत्री लागवड बांधली. भाताच्या तुसाची राख तरव्याच्या वाफ्यात मिसळायची, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, लावणी नेमक्या अंतरावर करायची आणि शेवटी युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी. अंतरासाठी दोरी असते, तिच्यावर १५ आणि २५ सेंटीमीटरच्या आळीपाळीने खुणा. दोघी दोन बांधांवर दोरी ताणतात, बाकीच्या खुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लावत मागे सरकतात. चार चुडांचा एक चौकोन होतो, मधल्या २५ सेंटीमीटरच्या पट्ट्यातून पाय टाकायला जागा उरते. मग एकजण गोळ्यांची पिशवी कमरेला बांधते आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक गोळी अंगठ्याने सात ते दहा सेंटीमीटर खाली दाबते. चिखल मनगटाला लागला की बस, समजायचं खोली झाली. ना टॅब, ना हेक्टर.

आमच्या वाडीत ती दोरी अजून एक-दोघांच्या पडवीत लटकते. गोळी मात्र लावणीच्या आठवड्यात मिळाली तर मिळाली. बांगलादेशात आणि आमच्याकडे फरक पडला तो इथेच, असं माझं मत आहे. तिथे गोळी पाडणारा माणूस गावाच्या बाजारात धंदा म्हणून बसला. आमच्याकडे गोळी योजनेच्या पाठीवर बसून आली आणि योजना गेली की ती दिसेनाशी झाली.

त्यानंतर मादागास्करमध्ये जन्मलेली 'श्री' पद्धतही सिंधुदुर्गात आली. आठ-दहा दिवसांचं एकच कोवळं रोप, मध्ये पंचवीस सेंटीमीटर, आणि शेतात पाणी साचू द्यायचं नाही. कागदावर छान आहे. पण आमच्या मळ्यांत वरच्याचं पाणी खालच्याच्या शेतातून जातं, ते कोण अडवणार? जुलैच्या झडीत दहा दिवसांचं रोप शेजाऱ्याच्या बांधावर सापडतं. जिथे निचरा हातात आहे तिथे तिने चांगलं पीक दिलं, हेही खरं.

परत येण्याचं महत्त्व कळतं ते नारळाच्या गोष्टीत. आमच्या माडांची झावळी कातरल्यासारखी दिसली की गेंड्या भुंगा आला हे पोरालाही कळतं. हाच भुंगा १९०९ साली सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर सामोआत पोचला आणि पॅसिफिकची बेटं पोखरू लागला. १९६३ साली हुगर या जर्मन शास्त्रज्ञाला मलेशियात त्याला मारणारा विषाणू सापडला. १९६७ साली तो सामोआत सोडला आणि भुंगा आटोक्यात आला. पुढे आपल्या लक्षद्वीपातल्या मिनिकॉय बेटावरही तो सोडला गेला. सल्ल्याच्या इतिहासातलं हे सोन्याचं पान. पण २००७ साली ग्वाममध्ये भुंग्याची अशी जात निघाली की जुना विषाणू तिला जुमानेना. प्रकल्प 'यशस्वी' म्हणून बंद करता येतो. भुंग्याला ते कळवायची सोय नाही.

इंडोनेशियाची गोष्ट तर प्रत्येक आंबा बागायतदाराने वाचावी. फवारणी वाढली तसे भातावरचे तपकिरी तुडतुडे वाढतच गेले, कारण औषधाने आधी मेले ते तुडतुडे खाणारे कोळी. १९८६ साली सुहार्तोंच्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकं बंद केली. १९८९ पासून अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांच्या शाळा सुरू झाल्या. दर आठवड्याला शेतकरी रोपावरचे किडे आणि कोळी मोजायचा, स्वतः चित्र काढायचा, आणि फवारायचं की नाही ते गट ठरवायचा. तीच कल्पना महाराष्ट्रात शेतीशाळा म्हणून आली. मी बसलो त्या शाळेत चित्र छापूनच आणलं होतं. आम्ही चहा घेतला आणि सह्या केल्या. इकडे हापूसवर फुलकिडे दर मोसमाला औषधाला जास्तच निर्ढावतायत.

आता घरचं. २०१२ च्या सुमारास संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा सागरी जैवविविधता प्रकल्प देवगड, मालवण, वेंगुर्ले या तीन तालुक्यांत आला. जागतिक पर्यावरण निधीचे सुमारे ३४ लाख डॉलर होते. कांदळवनातलं कुर्ल्यांचं पालन, कालवं, चौकोनी आसाची जाळी, 'श्री' भात, पर्यटन, सगळंच त्यात. आमच्या देवगड तालुक्यात वाडातरच्या बायकांनी खाडीत कालवं वाढवली. एरवी ओहोटीला खडकावर वाकून कोयतीने कालवं काढायची ती, आता तराफ्याला टांगलेल्या दोऱ्यांवर धरलेली. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवू लागल्या. या दोन्हींत एक गोष्ट समान आहे: वल्हं आणि हिशेबाची वही बायकांच्याच हातात होती. मोठ्या पैशाचा पुढचा टप्पा २०१८ साली हरित हवामान निधीने मंजूर केला. महाराष्ट्र, ओडिशा, आंध्र मिळून ४३४ लाख डॉलर.

आशियाई विकास बँकेच्या दहा कोटी डॉलर कर्जाचा 'मॅग्नेट' प्रकल्प २०२१ पासून राज्यात चालू आहे. त्याच्या यादीत आंबा-काजूही नंतर आले. शीतगृह, प्रतवारी, शेतकरी कंपन्या. त्यावर आज निकाल देणं घाईचं होईल. एवढंच म्हणेन की हे कर्ज आहे, देणगी नव्हे. म्हणजे सल्ल्याची फीसुद्धा शेवटी आपण सगळे भरणार आहोत.

म्हणून प्रकल्पवाल्यांना एक मागणं. गावाची माहिती घेऊन जाता, अहवाल इंग्रजीत लिहिता, तो मनिला-बँकॉकला वाचला जातो. त्याची मराठी प्रत ग्रामपंचायतीला द्या, आणि प्रकल्प बंद झाल्यावर पाच वर्षांनी कोणाला तरी पाठवून बघा की तराफा तरंगतोय का, गोळी मिळतेय का. मिठबावची ग्रामसभा २६ जानेवारीला असते. ज्याने अहवाल लिहिला त्यानेच येऊन वाचावा, आणि जेवल्याशिवाय जाऊ नये.