गोपुरी ते झाराप : गोबरगॅसची देशी घडण

ओरोसहून, म्हणजे सिंधुदुर्गनगरीहून, महामार्गाने उत्तरेला गेले की कणकवलीचा गोपुरी आश्रम लागतो. दक्षिणेला कुडाळ ओलांडले की झाराप. सिंधुदुर्गनगरीच्या दोन अंगांना असलेल्या या दोन गावांत सुमारे अर्ध्या शतकाच्या अंतराने गोबरगॅसच्या एकाच तंत्रावर काम झाले. गरीब देशाने स्वतःच्या गरजेतून घडवलेले तंत्र कसे असते, हे पाहायला त्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आधी संयंत्र जवळून पाहू. गोठ्यामागे जमिनीतून जेमतेम वर आलेला घुमट, एका बाजूला छोटी कुंडी, दुसऱ्या बाजूला स्लरीचा हौद, एवढेच वरून दिसते. सकाळी गोठा झाडला की शेण कुंडीत टाकायचे, तेवढेच पाणी घालायचे, हाताने गोळे फोडायचे, पेंढ्याच्या काड्या वेचायच्या आणि बोळा काढून काला आत सोडायचा. काड्या आत गेल्या तर त्या वर तरंगतात, सुकून त्यांचा थर धरतो आणि गॅस अडतो. म्हणून घरची जाणती बाई ही वेचणी कधी टाळत नाही.

आत हवा नाही, उजेड नाही. तिथे जिवाणूंच्या टोळ्या पाळीपाळीने काम करतात. काही जाती शेणातले मोठे रेणू फोडतात, काही त्यांची आम्ले करतात आणि शेवटच्या जाती त्यातून मिथेन तयार करतात. आज टाकलेले शेण साधारण चाळीस दिवसांनी पलीकडून स्लरी होऊन बाहेर पडते. या जिवाणूंना 35 अंशांच्या आसपासची ऊब मानवते, थंडीत ते मंदावतात. कोकणची हवा त्यांना बारमाही सोयीची. गॅस साठला की तो काल्याला खाली दाबतो आणि काला हौदात चढतो. शेगडीची चावी उघडली की तोच काला परत खाली येतो आणि गॅसला स्वयंपाकघराकडे रेटतो. पंप नाही, वीज नाही, हलणारा एकही भाग नाही!

पंचवीस किलो शेणापासून सुमारे एक घनमीटर गॅस मिळतो आणि तो साडेतीन किलो लाकडाची बचत करतो. दोन घनमीटरचे संयंत्र रोज पोटभर चालले तर सोळा-सतरा दिवसांत एका घरगुती सिलिंडरइतकी ऊर्जा हाती येते. फाट्यांचा भारा डोक्यावरून आणणाऱ्या आणि पावसाळ्यात ओल्या लाकडाच्या धुरात डोळे चोळणाऱ्या बाईच्या आयुष्यात याने किती फरक पडतो, ते कुठल्याच आकड्यात मावत नाही.

या तंत्राची आपल्याकडची सुरुवातही जुनी आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात 1897 मध्ये मैल्याच्या टाक्यांवर गॅस गोळा करण्याची सोय झाली, आणि 1907 मध्ये त्या गॅसवर इंजिन चालले. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जशभाई पटेल यांनी वर तरंगत्या लोखंडी टोपाचे संयंत्र तयार केले. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तेच पुढे देशभर नेले.

याच दशकात कणकवलीत आप्पासाहेब पटवर्धन काम करीत होते. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे आप्पा तत्त्वज्ञान शिकलेले आणि एके काळचे प्राध्यापक. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करू द्यावे म्हणून अन्नत्याग केला, तेव्हा येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला. 1948 मध्ये त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला. माणसाने माणसाचा मैला डोक्यावरून वाहू नये, हा त्यांचा ध्यास होता, आणि हा प्रश्न उपदेशाने सुटणार नाही, त्याला बांधकाम लागेल, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून सोनखताचे गोपुरी संडास आले आणि संडासाला जोडलेले मैलागॅसचे संयंत्रही आले. त्यांचा हा वारसा पुढे तुकोबांच्या देहूत डॉ. मापुसकर यांनी चालवला. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आप्पांना मी या लेखातला सर्वात मोठा तंत्रज्ञ मानतो, कारण यंत्र कोणाच्या मानेवरचे ओझे उतरवणार हे त्यांनी आधी ठरवले.

लोखंडी टोपाचा खर्च मात्र मोठा होता, शिवाय तो दरवर्षी रंगवावा लागे. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड किती टिकते हे सांगायला नको. 1978 मध्ये उत्तर प्रदेशात चिनी घुमटाच्या धर्तीवर ‘जनता’ संयंत्र झाले आणि टोप गेला. 1984 मध्ये दिल्लीच्या ‘अफप्रो’ संस्थेने ‘दीनबंधू’ आणले. त्याचा तळ उथळ बशीसारखा आणि वर अर्धगोल घुमट. या गोलाईमुळे कमी विटांत, सळईशिवाय भार पेलला जातो. मूळ कल्पना चीनची असली म्हणून हे तंत्र परके ठरत नाही. प्रत्येक टप्प्यावर गावाला बाहेरून विकत आणावी लागणारी एक वस्तू कमी होत गेली, हेच माझ्या मते देशीपणाचे खरे माप.

टोपाच्या जागी आता गवंड्याचा हात आला. घुमटाच्या आतल्या गिलाव्यात केसाएवढी चीर राहिली तरी गॅस निसटतो. झारापची भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान ही संस्था इथेच महत्त्वाची ठरते. पेशाने डॉक्टर असलेल्या प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने तिने जिल्ह्यात हजारो घरी बायोगॅस पोचवला. स्लरीचे खत हा त्यातला दुसरा, तितकाच मोठा लाभ. पूर्वी भाताच्या रोपासाठी तरव्यावर कवळे, पातेरा आणि शेण पसरून भाजावळ करीत. ते शेण जळून जाई. आता तेच आधी गॅस देते, आणि त्यातला नत्र स्लरीतून माड-सुपारीच्या आळ्यात जातो.

अडचण गोठ्याची आहे. कोकण कपिला ही इथली गाय चणीने लहान, तिचे शेणही बेताचे. त्यात नांगराला पॉवर टिलर आला आणि बैल कमी झाले. गोठा रिकामा झाला की घुमटही उपाशी राहतो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकटे आणि पिष्टमय टाकाऊ पदार्थांवर चालणारे छोटे संयंत्र करून वाट दाखवली. त्याला 2006 मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. सिंधुदुर्गात चैत्र-वैशाखात काजूची बी काढून घेतल्यावर बोंडे बागेत ढिगांनी सडतात. त्यांत साखर भरपूर असते. बोंडे एकदम ओतली तर आम्ल वाढून मिथेन करणारे जिवाणू मरतात. पण शेणाच्या मुरलेल्या काल्यात रोज थोडी थोडी, ठेचून घातली तर ती पचू शकतात. किती घालायची, हे आता काजूच्या बागाईतदारांनी आणि गवंड्यांनी मिळून करून पाहायला हवे.